लाइट आली की लगेच प्लग लावू नका

वाचकाचं पत्र:

"माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 71 वर्षांचे आहेत. झोपेत श्वास अडकतो म्हणून दोन वर्षांपासून रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देणारं) लावतात. गेल्या गणपतीत राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. दुसऱ्या रात्री लाइट गेली, तासाभराने आली, आणि आल्याआल्या मशीनच्या वायरीपाशी फट् असा आवाज होऊन जळका वास सुटला. आमची ट्यूबलाइट गेली, शेजारच्यांचा टीव्हीही गेला. पुढच्या तीन रात्री अण्णा आरामखुर्चीत बसून झोपले. परत आल्यावर दुकानदार म्हणाला, मशीन ठीक आहे, फक्त अडॅप्टर जळलाय. या वर्षी तो म्हणतो, चांगला स्पाइक गार्ड घ्या. आमचे हे म्हणतात, मे महिन्यात गावच्या घरी इन्व्हर्टर बसवलाय, त्यावर लावू. आणि अण्णा म्हणतात, पाच दिवसांचा तर प्रश्न आहे, मशीन नकोच. डिसेंबरात त्यांना नणंदेकडे न्यू जर्सीला न्यायचंय, त्याचीही धास्ती वाटते. काय करू?"
— एक सून, डोंबिवली

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. आमची ट्यूबलाइट गेली आणि शेजारच्यांचा टीव्हीही गेला, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळा उलगडा तिथेच आहे. रुग्णालयांतली यंत्रं दुरुस्त करण्यात माझी बावीस वर्षं गेली. एकाच क्षणी दोन घरांतल्या तीन वस्तू गेल्या असं कुणी सांगितलं, की माझ्या डोक्यात पहिला संशय न्यूट्रलचा येतो.

खांबावरून येणाऱ्या तारांत वीज आणणाऱ्या तीन फेज असतात आणि ती परत नेणारी एक न्यूट्रल. तुमच्या घरात त्यातली एक फेज आणि न्यूट्रल येते. या दोघींत 230 व्होल्ट असतात. पण दोन फेजमध्ये मोजलं तर 400 भरतात. पावसात फांदी पडून किंवा डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, गंजलेला सांधा सुटून न्यूट्रल तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकमेकांच्या गळ्यात पडतात. मग ज्या घरात फ्रिज, गीझर, पंप चालू असतील तिथे व्होल्टेज घसरतं, आणि ज्या घरात दोन दिवे आणि एक पंखा असेल तिथे ते तीनशे, साडेतीनशे, कधी चारशेच्या घरात जातं. रात्री निजानीज झालेलं घर म्हणजे अगदी हेच. मी तिथे नव्हतो, पण तुम्ही सांगता त्यावरून गेल्या वर्षी हेच झालं असावं.

असे जळलेले अडॅप्टर मी पुष्कळ उघडलेत. त्यांना स्क्रू नसतात, कवच चिकटवलेलं असतं. शिवणीवर पातळ पातं घालून हलक्या हाताने फोडावं लागतं. आत पहिल्यांदा नाकात शिरतो तो वास, मासळी आणि जळकं प्लॅस्टिक यांच्या मधला. वायर आत येते तिथेच शर्टाच्या बटणाएवढी एक निळी चकती असते. ती तडकून काळी पडलेली असते. तिच्यापुढे अंगठ्याएवढा उभा डबा, म्हणजे वीज साठवणारा कपॅसिटर. त्याचं डोकं फुगून फाटलेलं. त्याच्या अंगावर बहुतेक वेळा 400 व्होल्ट किंवा 450 व्होल्ट असं छापलेलं असतं. भिंतीतले 230 व्होल्ट आत आल्यावर या डब्यावर साधारण 325 पर्यंत चढतात, तेवढं तो सोसतो. पण भिंतीतच 400 आले तर डब्यावर 565 चढू पाहतात. तो फुटतो, फ्यूज उडतो आणि सगळं थांबतं.

आता यातली चांगली बाजू बघा. अण्णांच्या मशीनपर्यंत या 400 मधलं काहीच पोचलं नाही. मशीनला अडॅप्टरकडून कंपनीनुसार 12 किंवा 24 व्होल्ट मिळतात, भिंतीची वीज तिथवर जातच नाही. अडॅप्टरने स्वतः मरून मशीन वाचवलं. म्हणजे त्या रात्री तुमच्या बॅगेत दुसरा अडॅप्टर असता, तर वायरमन येऊन लाइन नीट करून गेल्यावर अण्णा पुढच्या तीनही रात्री अंथरुणावर झोपले असते. म्हणून बाकी कशाहीआधी त्याच मॉडेलचा दुसरा अडॅप्टर घ्या. "यालाही चालतो" म्हणून मिळणारा नको. 12 च्या मशीनला 24 चा लावला तर जे चारशे व्होल्टनी झालं नाही ते तुमच्या हाताने होईल.

दुकानदाराच्या स्पाइक गार्डबद्दल. तो खोटं सांगत नाही, पण अर्धं सांगतोय. स्पाइक गार्डच्या पोटात तीच निळी चकती असते, जरा मोठी, एवढंच. दूर कुठेतरी वीज पडून किंवा मोठी मोटर बंद होऊन तारेतून एक झटका आला, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटा, तर ती चकती तो स्वतःवर घेते. त्यासाठी ती उत्तम. पण न्यूट्रल तुटून आलेले 350 व्होल्ट कितीतरी मिनिटं टिकतात, आणि तेवढा वेळ चकतीला सोसत नाही. ती तापते, तडकते. बोर्ड हलक्या प्रतीचा असेल तर आजूबाजूचं प्लॅस्टिकही पेटतं. शिवाय प्रत्येक झटक्यागणिक ही चकती झिजते आणि बाहेरून काही कळत नाही. चार वर्षं जुना स्पाइक गार्ड बरेचदा नुसता एक्स्टेन्शन बोर्ड उरलेला असतो. म्हणजे घ्यायचा असेल तर घ्या, पण तो घेतला म्हणून निश्चिंत होऊ नका.

गेल्या वर्षीच्या दुखण्यावरचं औषध वेगळं आहे. विजेच्या दुकानात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर मागा. भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा, पुढे आकडे दाखवणारा मिळतो. तो व्होल्टेज सुधारत नाही, फक्त मोजतो, आणि हद्दीबाहेर गेलं की पुढची वीज तोडतो. वरची हद्द 260 आणि खालची 180 ठेवा, आणि लाइट आल्यावर किती वेळाने पुन्हा जोडायची ती वेळ तीन ते पाच मिनिटं ठेवा. ही वेळ महत्त्वाची आहे. लाइट येते तेव्हा साऱ्या वाडीतले फ्रिज, पंप, पंखे एकदमच उठतात. पहिली काही मिनिटं लाइन डुलत असते. बरेचदा लाइट येते, जाते, पुन्हा येते. कोकणात ज्याने पावसाळा काढलाय त्याला हे सांगायला नको. स्टॅबिलायझरचं ओझं मात्र गावाला नेऊ नका. अण्णांच्या अडॅप्टरवर "100–240" छापलेलं असेल, बघून घ्या. म्हणजे कमी व्होल्टेजची त्याला भीती नाही, भीती फक्त जास्तीची.

तुमच्या यजमानांचा इन्व्हर्टरचा विचार मला आवडला, पण त्यात एक मेख आहे. लाइट चालू असते तेव्हा घरातला साधा इन्व्हर्टर भिंतीची वीज जशीच्या तशी पुढे पाठवतो. बॅटरीवर तो लाइट गेल्यावरच येतो. म्हणजे नुसता त्यावर प्लग लावला म्हणून जास्तीच्या व्होल्टेजपासून सुटका नाही. बहुतेक इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटं बटण असतं, "यूपीएस" आणि "नॉर्मल" किंवा "इको" असं लिहिलेलं. नॉर्मलवर असताना तो साधारण 290 व्होल्टपर्यंत वीज पुढे सोडत राहतो. यूपीएसवर ठेवला तर 260 च्या आसपासच बॅटरीवर उडी मारतो. बसवणारा माणूस ते बहुधा नॉर्मलवर ठेवून जातो. यजमानांना सांगा, गेल्यागेल्या इन्व्हर्टर पुढे सरकवून ते बटण बघा.

आणि याहून पक्की युक्ती सांगतो, जी मी माझ्या आईच्या मशीनसाठी वापरतो. दिवसभर, घरात चार माणसं जागी असताना, बॅटरी भरू द्यायची. रात्री अण्णा झोपायला गेले की इन्व्हर्टरला भिंतीतून येणारी वायरच काढायची, आणि फक्त अण्णांच्या खोलीतलं मशीन आणि पंखा बॅटरीवर चालवायचा. मग डीपीवर रात्रभर काय वाटेल ते होवो. हिशेब करून बघा: 12 व्होल्ट 150 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) नव्या बॅटरीत 1800 वॅट-तास असतात, आपण अर्धेच, 900 वापरायचे. 75 वॅटचा पंखा आठ तासांना 600 खातो. मशीन 25 वॅट धरलं तर 200. बसतं. पण हे बसतं ते मशीनमधलं पाणी गरम करणारं ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली तरच. सगळ्यात जास्त वीज तेच खातात. भाद्रपदातल्या कोकणात हवेला दमटपणा कमी नसतो, बहुतेकांना पाच रात्री गरम पाण्याविना चालतात. तरी अण्णांच्या डॉक्टरांना एक फोन करून विचारा. इन्व्हर्टर साइनवेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा आहे ना, तेही बघा. स्क्वेअरवेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो, रोज रात्री आठ तास त्याला ते नको.

हे काहीच जमलं नाही तरी एक सवय घरातल्या सगळ्यांना लावा, मुलांनासुद्धा. लाइट गेली की प्लग उपटायचा. बटण बंद करून भागत नाही, कारण बटण एकच तार तोडतं, आणि जुन्या घरांत पुष्कळदा ते चुकून न्यूट्रलवर बसवलेलं असतं. म्हणजे बटण बंद, आणि फेज तशीच अडॅप्टरपर्यंत पोचलेली. लाइट परत आली की दहा मिनिटं थांबा. पंख्याकडे कान द्या. नेहमीपेक्षा जोरात, वेगळ्या आवाजात फिरतोय असं वाटलं तर मेन स्विच पाडा आणि शेजारच्यांनाही ओरडून सांगा. एलईडी दिवे यात फसवतात, व्होल्टेज बरंच वर गेलं तरी ते तसेच जळत राहतात. म्हणून पडवीत एक जुना पिवळा बल्ब ठेवा. तो पांढरट भगभगायला लागला की समजा. मग महावितरणच्या 1912 वर तक्रार, आणि गावच्या वायरमनचा नंबर आधीच फोनमध्ये हवा. तुटलेल्या तारेजवळ, ओल्या खांबाजवळ स्वतः कुणी जाऊ नका.

वीज कडाडत असेल तर कुठलंही उपकरण विश्वासाचं नाही. प्लग काढलेलाच बरा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं "दामिनी" ॲप आसपासच्या वीस-चाळीस किलोमीटरमध्ये विजा पडत असल्या की सांगतं, ते घालून ठेवा. गणपती उशिरा आले आणि परतीचा पाऊस लवकर लागला, तर दुपारनंतर त्याचा उपयोग होईल.

गणपतीतली एक खास चूक राहिली. मखराच्या माळा, समईच्या आकाराचे दिवे, भजनाचा ॲम्प्लिफायर आणि अण्णांचं मशीन एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर नको. अण्णांना त्यांचं स्वतःचं, घट्ट बसणारं सॉकेट द्या. पिन हलली की ठिणगी उडते. वायरमन येईल तेव्हा त्याच्याकडून अर्थिंगही मोजून घ्या. जुन्या घरांत तिसऱ्या भोकामागे बरेचदा तारच नसते.

गाडीचं बोलू. रात्रीच्या गाडीने जात असाल तर डब्यातल्या सॉकेटवर अजिबात विसंबू नका. तिथे बहुधा 110 व्होल्ट असतात. अण्णांचा अडॅप्टर तेवढ्यावर चालेल, पण 2021 च्या मार्चपासून आगीच्या भीतीने रेल्वेने रात्री 11 ते पहाटे 5 चार्जिंगची सॉकेटं बंद ठेवायला सुरुवात केली. नेमकी अण्णांची झोपेची वेळ. म्हणून शक्य असेल तर ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस किंवा दुसरी कुठली दिवसाची गाडी धरा. दिवसाही गाडीत डुलकी लागते, तेव्हा शेजारी कुणीतरी जागं बसा. रात्रीचीच तिकिटं मिळाली तर मशीनच्या कंपनीची प्रवासी बॅटरी घ्यावी लागेल. ती महाग असते, पण न्यू जर्सीच्या विमानातही तिचाच उपयोग होणार आहे. स्वतःच्या मोटारीने गेलात आणि मशीन गाडीच्या सॉकेटवर लावायचं झालं, तर इंजिन चालू झाल्यावर लावा आणि बंद करण्याआधी काढा. स्टार्टर फिरताना तिथे व्होल्टेज वर-खाली होतं.

न्यू जर्सीबद्दल धास्ती नको. तिथे 120 व्होल्ट आहेत, "100–240" वाल्या अडॅप्टरला फक्त पिन बदलणारा तुकडा लागेल. विजेचा प्रश्न उलट्या वाटेवर येतो. माझा भाऊ अमेरिकेहून येताना तिथला महागडा सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे तिकडचा स्पाइक गार्ड, घेऊन आला होता, आईच्या मशीनसाठी, मोठ्या मायेने. मी कामावर होतो. त्याने तो पिन बदलून आपल्या भिंतीत लावला. त्यातली चकती 120 व्होल्टसाठी बनवलेली, तिला 230 म्हणजे कायमचाच झटका. दोन सेकंदांत फाटकन आवाज, पांढरा धूर, आणि आई खोलीबाहेर. मशीन अजून जोडलं नव्हतं म्हणून वाचलं. तेव्हा नणंदबाईंनी प्रेमाने तिथला सर्ज प्रोटेक्टर दिला तर तिथेच ठेवून या. इथला स्पाइक गार्डही तिकडे नेऊ नका. तो 230 च्या हिशेबाचा, तिथे झटका बराच मोठा असल्याशिवाय जागा होणार नाही.

विमानात मशीन हातातच ठेवा, सामानात टाकू नका. पाण्याची टाकी रिकामी आणि कोरडी करा. बॅटरीवर किती वॅट-तास लिहिलेत ते बघा: 100 पर्यंत असेल तर केबिनमध्ये चालते, 100 ते 160 असेल तर विमान कंपनीची परवानगी लागते, आणि सुटी बॅटरी चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. डॉक्टरांचं पत्र सोबत हवं.

हे वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) असेल, तर वरचं सगळं तसंच्या तसं लावू नका. पाच लिटरचं यंत्र साधारण साडेतीनशे वॅट खातं, त्यात कॉम्प्रेसरची मोटर असते, आणि तिला कमी व्होल्टेजही तितकंच मारतं. तिथे स्टॅबिलायझर हवाच, आणि भरलेला सिलिंडर जवळ असल्याशिवाय गावी नेण्याचा विचारही डॉक्टरांना विचारल्याखेरीज करू नका.

आता अण्णा. "पाच दिवस मशीन नको" हे त्यांचं बोलणं मानू नका, ताई. मशीन नसलं की श्वास अडकणं त्याच रात्री परत येतं, सणासाठी ते थांबत नाही. त्यात जागरण, पाहुणे, दुपारी भरपेट मोदक. मशीन खरंच बंद पडलं तर कुशीवर, डोकं-पाठ उंच करून झोपवा, झोपेची गोळी किंवा दारू अजिबात नको, आणि दुसऱ्याच सकाळी डॉक्टरांना फोन. पण हे अडचणीतलं, ठरवून करायचं नव्हे.

मला वाटतं अण्णांना मशीनचा कंटाळा आलेला नाही. गेल्या वर्षी ऐन सणात आपल्यापायी घराची धावपळ झाली, सून रात्री उठून बघत राहिली, हे त्यांच्या मनात राहिलंय. म्हणून त्यांना मशीन लावाच म्हणून गळ घालण्यापेक्षा या सगळ्यातलं एक काम त्यांच्याकडे द्या. रात्री इन्व्हर्टरची वायर काढायची आणि सकाळी लावायची ती अण्णांनीच. पिवळ्या बल्बवर लक्षही त्यांचंच.

आणि दुसऱ्या अडॅप्टरसाठी आजच दुकानात फोन करा. मागवायला आठ-दहा दिवस लागू शकतात. आला की अण्णांच्या मशीनला लावून घरीच एक रात्र चालवून बघा, मग त्यावर स्केचपेनने "गाव" लिहून बॅगेच्या तळाशी न ठेवता मास्कच्याच पिशवीत ठेवा.